जिथं आहात तिथंच राहा

राजेश्वरीबाई मूळच्या पारनेरच्या. लग्न होऊन पाथर्डीत आल्या आणि तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवू लागल्या, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. पण डोंगराकडच्या वस्त्यांवर त्यांना गणिताच्या बाई कुणी म्हणत नाही. तिथं त्या 'दहावीच्या बाई'.

हे नाव पडायला कारण झालं वाल्मिक नावाच्या एका बापाचं. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचा दहावीचा निकाल लागला आणि तो पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आला. बाईंच्या हातावर पेढा ठेवून त्यानं गुणपत्रक दाखवलं. त्यावर शेरा होता, 'कौशल्य विकास कार्यक्रमासाठी पात्र'. वाल्मिकला 'पात्र' हा शब्द ओळखीचा होता. घरकुलाला पात्र, अनुदानाला पात्र. पात्र म्हणजे नाव लागलं, काम झालं. त्यानं अख्ख्या वस्तीला पेढे वाटले होते. पेढा हातात धरूनच बाईंना त्याला सांगावं लागलं की मुलगा चार विषयांत गेलाय, हल्ली नापास असं लिहीत नाहीत, त्या जागी असं लिहितात. वाल्मिक हातातल्या पुड्याकडं बघत म्हणाला, "मंग मी आता पेढे माघारी कसे घेऊ?"

त्या दिवसापासून बाई रविवारी वस्त्यांवर जाऊ लागल्या. नियम तर दर दोन-तीन वर्षांनी बदलत होते. तोंडीचे गुण एका वर्षी काढले, पुढच्या वर्षी परत आणले. ऑक्टोबरची परीक्षा जुलैत आली. दोन विषय राहिले तरी अकरावीत बसता येतं, पण ते विषय सोडवल्याशिवाय पुढं सरकता येत नाही, हे तर शिकलेल्यांनाही दोनदा सांगावं लागे. बाई ओट्यावर बसायच्या, चहा घ्यायच्या आणि सावकाश सांगायच्या. त्यांचा आवाज जरा घोगरा, बायकांत वेगळा ओळखू येणारा. वाक्य संपलं की थांबायची सवय. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते उतरलं की मग पुढचं. एकदा ऐकलेला हा आवाज माणूस विसरत नसे.

मग कोरोनाचं दुसरं वर्ष आलं. एप्रिलात दहावीची परीक्षा रद्द झाली. निम्मे पालक अजून उसाच्या फडात होते, काहींनी पोरंही बरोबर नेली होती. गाड्या बंद, शाळा बंद. बाई घरात बसून एकेकाला फोन लावत होत्या. दिवसभर तेच बोलणं. परीक्षा होणार नाही. मार्क शाळाच देईल. घाबरू नका. गावाकडं यायची घाई करू नका, तुम्ही जिथं आहात तिथंच राहा. किती जणांशी बोलल्या आणि कुणाला काय म्हणाल्या, ते त्यांनाही पुढं आठवेना. तेव्हा ते सगळं खरं होतं.

पुढं परीक्षा परत सुरू झाल्या, आणि बाईंनी तो उन्हाळा मनातून काढून टाकला. वस्त्यांवर जाणं मात्र तेव्हा सुटलं ते सुटलंच.

२०२५च्या जानेवारीत प्रवेशपत्रं आली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तोंडी परीक्षा, नंतर लेखी. बाईंच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्यांना बोलावून घ्यायचं म्हणून बाईंनी एका दुपारी शाळेतूनच फोन लावायला घेतले.

पहिला फोन एका बाईनं उचलला. राजेश्वरीबाई "हॅलो" म्हणाल्या आणि फोन बंद झाला. परत लावला तर उचललाच नाही. दुसऱ्या घरी एक म्हातारा होता. त्यानं नाव ऐकलं, कुणाला तरी हळूच म्हणाला, "त्याच हायेत," आणि त्यानंही ठेवला. तिसरा नंबर भिमाजीचा. त्याची मुलगी दिशा यंदा दहावीला होती. फोन उचलला गेला, पण कुणी बोललं नाही. लांबवर वाऱ्यानं उसाचं वाळलं पाचट वाजावं तसा आवाज येत होता.

"हॅलो, मी राजेश्वरीबाई बोलते. दिशा आहे का?"

थोड्या वेळानं पलीकडून उत्तर आलं. "घाबरू नका. तुम्ही जिथं आहात तिथंच राहा."

तो त्यांचाच आवाज होता.

बाईंना आधी वाटलं, लाइनमध्ये गडबड असेल, आपलंच बोलणं परत ऐकू येत असेल. पण आपण जे बोललोच नाही ते परत कसं येईल? त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि हात पुसले.

शेजारच्या टेबलावर विज्ञानाचे आदिनाथ सर वह्या तपासत होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले, जुनं रेकॉर्डिंग असेल म्हणाले. तोडणीवाल्यांच्या एखाद्या ग्रुपवर फिरत असेल तर पाहतो, असं म्हणून त्यांनी एकदोघांना विचारलं. दुसऱ्या दिवशी ते हसत नव्हते. त्यांनी मोबाईल बाईंपुढं धरला. बाईंच्या आवाजाची फीत होती. वर तेवत्या पणतीचं चित्र आणि खाली मजकूर. या बाई कोरोनात गेल्या. जाता जाता लेकरांना दिलेला शेवटचा निरोप. पुढे पाठवा.

किती हातांतून ते गेलं होतं याचा पत्ता लागण्यासारखा नव्हता. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथं जिथं तोडणीच्या टोळ्या जात तिथं तिथं बाई मेल्या होत्या, आणि दर वर्षी परीक्षा होणार नाही म्हणून सांगत होत्या. आदिनाथ सर म्हणाले, आपण खुलासा टाकू. खुलासा टाकलाही. तीन जणांनी पाहिला, एकानं पणती पाठवली.

घरी मिस्टर म्हणाले, आयुष्य वाढतं असं झालं की. बाईंना मात्र त्या दोन रात्री आपलाच आवाज नकोसा झाला. वर्गात शिकवताना वाक्य संपवून थांबल्या की त्यांना वाटे, पुढचं वाक्य आता दुसरीकडून कुठूनतरी येईल.

आदिनाथ सरांनी भिमाजीच्या टोळीचा पत्ता काढून दिला, आणि रविवारी त्या तिकडं निघाल्या. घोडेगावच्या फाट्याला उतरून जीपनं सोनई, तिथून एका दुधाच्या टेम्पोत बसून पुढं. टेम्पोवाल्यानं त्यांना कालव्याच्या कडेला सोडलं आणि हात करून दाखवलं. उसाच्या पाचटाच्या कोप्या, दहा-बारा झोपड्या असतील, तोडलेल्या रानात ओळीनं उभ्या. ऊन टळटळीत होतं. माणसं फडात गेलेली. एक कुत्रं होतं, ते भुंकलं नाही. चुली विझलेल्या. दोरीवर वाळत घातलेली लुगडी हलत होती तेवढीच काय ती हालचाल.

बाई हाक मारणार तोच शेवटच्या कोपीतून आवाज आला.

"यंदा दहावीची परीक्षा होणार नाही. मार्क शाळाच देईल. घाबरू नका."

बाई जागच्या जागी थांबल्या. रानात दुसरं कुणी नाही, भर दुपार, आणि आपण आत बसून बोलतोय. आवाजात त्यांची ती थांबण्याची लकब होती. थांबल्यावर आत कुणीतरी श्वास घेत होतं, तेही ऐकू येत होतं. "तुम्ही जिथं आहात तिथंच राहा," असं झालं, आणि त्यानंतर एक मुलगी बोलली. हा तुकडा आदिनाथ सरांनी ऐकवलेल्या फितीत नव्हता.

"बाई, मंग मी पास का?"

"हो गं. पास."

मग खरखर झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

तो आवाज बाईंनी ओळखला. अश्विनी. दिशाची थोरली बहीण, घरात सगळ्यांची 'आशी'. त्या वर्षी दहावीला होती. हुशार नव्हती, पण प्रत्येक उत्तर लिहिलं की वही वर करून दाखवायची. हे बोलणं त्या दिवशी फोनवर झालं होतं, कुणाच्यातरी मोबाईलनं ते धरून ठेवलं होतं. मे महिन्यात अश्विनी तापानं गेली, इथंच, अशाच एखाद्या कोपीत. ते शाळेला कळलं जुलैत, निकाल लागल्यावर. तोवर मार्क बोर्डाकडं गेले होते. अश्विनी पास झाली होती.

"घरात कोण आहे?" बाईंनी विचारलं.

आतला आवाज बंद झाला. एक म्हातारी वाकून बाहेर आली. भिमाजीची आई बनुबाई. शाळा बंद होती ते एक वर्ष सोडलं तर दर वर्षी ती गावाकडं थांबून नातींना सांभाळायची, पण यंदा गुडघे धरले, वस्तीवर एकटीला राहवेना, म्हणून ती आणि तिच्यामुळं दिशाही फडावर आली होती. तिनं बाईंच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. आधी पायांकडं पाहिलं. बोटं पुढं आहेत का मागं, ते नीट पाहिलं. मग मागं सरली, चुलीजवळच्या गाडग्यातून मीठ घेतलं आणि मूठ घट्ट धरून उभी राहिली.

"आजी, मी राजेश्वरीबाई. दिशाच्या शाळेतली. मला काही झालेलं नाही."

"बोलू नगं," बनुबाई म्हणाली. "तू बोलली की मला भ्या वाटतं."

बाई खाली बसल्या. पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्यायल्या. म्हातारी घशाकडं बघत होती. पाणी उतरलं. बऱ्याच वेळानं तिनं पुढं होऊन बाईंच्या मनगटाला हात लावला, ऊन लागून तापलेलं होतं. मूठ उघडली, मीठ जमिनीवर सांडलं. मग ती मटकन बसली. बाईंना वाटलं, आता हिची भीती गेली. पण तिचा चेहरा आधीपेक्षा उतरला होता.

"तुमी जित्या हाय?"

"हो आजी."

"मंग आमची आशी तिकडं एकलीच हाय व्हय?"

पुढं त्यांनी हे कुणाला सांगितलं तेव्हा त्या इथं येऊन थांबत.

मग बनुबाई आपणहून बोलत राहिली. अश्विनी गेली त्याच महिन्यात कुणीतरी सांगितलं की बाईही गेल्या. ऐकून तिला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं होतं. पोर अनोळखी ठिकाणी गेली, पण बरोबर शाळेतल्या बाई आहेत. मोबाईल लावला की दोघी बोलतात. पोर विचारते, बाई पास म्हणतात. रोज दिवेलागणीला लावायचा. आज बाहेर पावलं वाजल्यासारखी वाटली म्हणून दुपारीच लावला. त्या दिवशी शाळेतून फोन आला तेव्हाही तिनंच लावला होता. नाव ऐकलं आणि वाटलं, बाई दुसऱ्या पोरीला न्यायला आल्या.

ऊन कललं तशी माणसं फडावरून परतू लागली. बायकांच्या डोक्यावर उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, वाढ्यांचे भारे. बाईंना पाहून दोघी वाटेतच थबकल्या आणि आडवाटेनं आपापल्या कोपीत गेल्या. भिमाजी, त्याची बायको लंकाबाई आणि दिशा आले. दिशाच्या हातांना उसाची कुसं लागलेली, पण ती बाईंना पाहून घाबरली नाही. तिनं फक्त विचारलं, तोंडी परीक्षा कधी आहे.

म्हणजे तिला माहीत होतं. बाई म्हणाल्या, मग घरी सांगितलं का नाहीस? दिशा जमिनीकडं बघत राहिली. सांगितलं होतं, बाई जिवंत आहेत हेही सांगितलं होतं, म्हणाली. पण मोबाईलमधल्या बाई नाही म्हणतात, त्यापुढं तिचं कुणी ऐकेना. आणि रोज संध्याकाळी आजी तिला जवळ बसवायची. फितीत अश्विनी बोलते तेव्हा दिशानंही तेच बोलायचं, बरोबर, एका आवाजात. चार वर्षांत दिशाचा आवाज अश्विनीसारखाच झाला होता. "आजी आता मला आशीच म्हनती," ती म्हणाली. "मी ओ देते."

बाईंनी भिमाजीला समोर बसवून सगळं सांगितलं. ते एक वर्ष वेगळं होतं. तेव्हा परीक्षाच झाली नाही, म्हणून शाळेनं मार्क दिले. आता तोंडीला हजर राहावं लागतं, लेखीला बसावं लागतं, शाळा नुसती पास करू शकत नाही. एखादा विषय राहिला तर जुलैत देता येतो, दोन राहिले तरी अकरावीचं दार बंद होत नाही. पण जी परीक्षेला बसलीच नाही, तिच्यासाठी यातलं काहीच नाही. भिमाजीनं ऐकून घेतलं. तो मख्ख माणूस नव्हता, थकलेला होता. म्हणाला, तेव्हा तुम्हीच राहा म्हणालात, आम्ही राहिलो. गाड्या लागल्या तरी निघालो नाही. आता तुम्हीच चला म्हणता. त्यातल्या कोणत्या बाईंचं धरायचं?

तो रागानं बोलला नाही, म्हणूनच ते बाईंना लागलं. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही.

तेवढ्यात अंधारून आलं. बनुबाईनं चिमणी लावली, मोबाईल मांडीवर घेतला आणि बाईंना म्हणाली, बसा. बाई बसल्या. नको म्हणणं त्यांना जमलं नाही. फीत सुरू झाली. म्हातारी मोबाईलकडं बघत नव्हती, बाईंच्या ओठांकडं बघत होती. आपले ओठ हलत आहेत हे बाईंना मध्येच कळलं. शब्द तोंडपाठ असल्यासारखे आतून येत होते. त्यांनी दात घट्ट धरले तरी जीभ हलत राहिली. "तुम्ही जिथं आहात तिथंच राहा." आणि मग अश्विनी बोलली. दिशा गप्प बसली होती, तरी कोपीत त्या दोन शब्दांना दोन आवाज आल्यासारखे वाटले. "पास का?" बाईंनी दिशाकडं पाहिलं. दिशानं मान हलवली, मी नाही.

चिमणीची ज्योत वाऱ्यानं आडवी झाली आणि सरळ झाली.

तेव्हा लंकाबाई उठली. ती फडावरून आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. तिनं वळकटीमागून दिशाचं दप्तर काढलं, त्यात एक ड्रेस कोंबला, अर्धी भाकरी फडक्यात बांधली आणि दप्तर बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"एक ऱ्हायली म्हनून गेली," ती म्हणाली. "ही जाऊ द्या."

भिमाजी त्यांना वाटेला लावायला उठला. बनुबाईनं तोंड भिंतीकडं केलं. निघताना बाई तिच्या पाया पडायला वाकल्या, तिनं पाय आखडून घेतले.

दिशा परीक्षा होईपर्यंत बाईंच्या घरी राहिली. गुणी मुलगी, पण पहिले काही दिवस बाई मागून बोलल्या की ती दचकायची, आणि ती बोलली की बाई दचकायच्या. हळूहळू दोघींना एकमेकींची सवय झाली. मे महिन्यात निकाल लागला. दिशा सगळ्या विषयांत सुटली होती, गणितात अगदी काठावर.

त्या वर्षापासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. म्हणजे पुन्हा नवं सांगणं आलं. कॉलेज गावातलं असलं तरी अर्ज मोबाईलवरूनच, पसंतीक्रम द्यायचा, यादी लागली की मुदतीत जाऊन नाव पक्कं करायचं. जूनमध्ये दिशा अर्ज भरायला शाळेत आली. बरोबर बनुबाई होती, काठी टेकत. दिशा संगणकासमोर बसली तोवर म्हातारी बाईंच्या टेबलाशी आली आणि अश्विनीच्या निकालाचा कागद मागितला.

तो कपाटातच होता. न्यायला कुणी आलं नव्हतं. बाईंनी काढून दिला. बनुबाईनं वाचा म्हटलं. बाईंनी नाव वाचलं, आईचं नाव वाचलं, विषय वाचले, शेवटी 'उत्तीर्ण' वाचलं. म्हातारीनं 'उत्तीर्ण' म्हणजे काय ते पुन्हा विचारून घेतलं, कारण वाल्मिकच्या पेढ्यांची गोष्ट तिनंही ऐकली होती.

"पास. साधं पास," बाई म्हणाल्या.

"मंग आता तिला पुढं काय लागतं?"

बनुबाई बाईंकडं सरळ पाहत होती. बाईंच्या आयुष्यात हा प्रश्न हजारदा आला होता. कोणता अर्ज, कोणता दाखला, कोणती तारीख. त्यांनी थोडा विचार केला.

"काही लागत नाही, आजी. तिचं सगळं पूर्ण झालं."

म्हातारीनं कागदाची घडी न करता तो पदराखाली छातीशी धरला. नंतर दिशाला हाक मारली. बाईंनी कान देऊन ऐकलं. तिनं "दिशे" अशीच हाक मारली.

त्या दिवसापासून बनुबाईनं मोबाईल लावायचा सोडला, असं दिशा सांगते. पण बाकीच्या मोबाईलांतल्या बाई अजून मेलेल्याच आहेत. त्यावर इलाज नाही. राजेश्वरीबाईंनी स्वतःपुरती एक सवय लावून घेतली. फोन लागला की त्या आधी आजचा वार आणि तारीख सांगतात, मग नाव, मग काम. लोकांना ते विचित्र वाटतं.

परवाच्या हंगामात कर्नाटकातल्या कुठल्याशा फडावरून त्यांना फोन आला. अनोळखी बाई होती, आपल्याकडचीच बोली. राजेश्वरीबाई "हॅलो" म्हणाल्या, पण वार सांगायच्या आतच पलीकडं रडू आवरल्यासारखा श्वास ऐकू आला.

"बाई," ती बाई अगदी हळू म्हणाली, "आमचा कानिफनाथ तिकडं तुमच्याकडं पोचला का?"

शाळा सुटायची वेळ होती. बाहेर मुलं सायकली काढत होती. राजेश्वरीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज बुधवार आहे, ताई," त्या म्हणाल्या. "मी पाथर्डीत आहे, शाळेत. तुमच्या घरात यंदा दहावीला कोण आहे?"